शुक्रवारी सुट्टी घेणारा आजार

मी आठवड्यातले सहा दिवस आजारी असायचो आणि शुक्रवारी ठणठणीत. हे वाचून तुम्ही हसाल. हसा. आमच्या वसईतल्या सांडोरच्या आळीतली माणसं समोरासमोर हसली, तुम्ही निदान माझ्या पाठीमागे हसताय.

हे लिहायला बसलो त्याचं कारण म्हणजे परवा ओळखीतला एक तरुण कामगार भेटला. तोंड वाळलेलं, जेवण जात नाही, डोकं ठणकतंय, आणि म्हणतो, "काका, पित्त झालंय." मी त्याला विचारलं, सुट्टीच्या दिवशीही असतं का रे पित्त? तो विचारात पडला. मी असाच वेळेवर विचारात पडलो असतो तर माझं यकृत आणि माझ्या आईचे पाय, दोन्ही वाचले असते. म्हणून सगळं सांगतो, माझा मूर्खपणा धरून.

तेल तापवणारा मुलगा

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वसईच्या पूर्वेला तेव्हा धडाधड पत्र्याच्या शेड उभ्या राहत होत्या. आमची केळीची वाडी, पानवेल, थोडा भाजीपाला. बाबा गेल्यावर आई आणि मीच बघायचो. पण मला पगार हवा होता, युनिफॉर्म हवा होता, भोंगा वाजल्यावर घरी यायचं होतं. केळीच्या लोंगराला भोंगा नसतो. मी रंगाला लागणारं राळेसारखं चिकट रसायन बनवणाऱ्या एका कारखान्यात चिकटलो.

माझं काम भट्टीवर. रसायन शिजायचं मोठ्या बंद भांड्यात, पण त्याच्याखाली थेट जाळ लावत नसत. भट्टीत एक खास तेल तापवायचं, पंपाने नळांतून भांड्याभोवती फिरवायचं, परत भट्टीत आणायचं. पाणी शंभर डिग्रीला उकळून वाफ होतं. हे तेल अडीचशेच्या आसपास गेलं तरी नळातून निमूट फिरायचं. आम्ही त्याला गरम तेल म्हणायचो.

आईने आळीत सांगितलं, "आमचा यशा कारखान्यात तेल तापवतो." पुढचे पंधरा दिवस लोक मला विचारत होते, फरसाणचा कारखाना आहे का, भजी मिळतील का.

साहेबांनी सांगितलं होतं, वर्षभर दांडी न मारता काम कर, मग पर्मनंट. आठ महिने झाले होते. वाडी एकट्या आईवर टाकून मी गेलो होतो, तेव्हा पर्मनंट होऊन दाखवणं हा इज्जतीचा सवाल होता. त्यापायी मी ताप आला तरी सायकल हाणत रेल्वेचं फाटक ओलांडून कामावर जायचो.

त्या तेलाचा वास वाईट असता तर बरं झालं असतं. पण मेलं ते नव्या साबणाच्या वडीसारखं वास मारायचं, फुलांचा, गोडसर. पंपाच्या दांड्यापाशी ते कायम झिरपायचं. खाली पत्र्याचं ताट ठेवलेलं. शेडला खिडकी एकच, तीही पावसात पाणी येतं म्हणून खिळे मारून बंद. मी दिवसभर त्या वासात बसायचो. हाताला ग्रीस लागलं की याच तेलाने धुवायचो, कारण काळं झटक्यात जायचं, आणि हात पँटला पुसायचो.

बायको, सुमन, एकदा म्हणाली, "अहो, तुमचे कपडे धुतले की माझ्या हातांची सालं निघतात. आणि हा वास कसला?"

मी म्हणालो, "वास चांगला आहे ना? लोक अत्तरं लावतात."

"लोक लावतात, धुवायला बायकांना देत नाहीत," ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिने माझे कपडे वेगळ्या बादलीत टाकले आणि काठीने ढवळून वाळत घातले. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. घरात एकच माणूस शहाणं होतं आणि मी त्याच्यावर रुसलो होतो.

आईचा शुक्रवार

आधी डोकं दुखायला लागलं. मग मळमळ. मग जेवण जाईना. आईने माझ्यासाठी खास केलेली बोंबलाची चटणी मी बाजूला सारली, तेव्हा घरात धावपळ झाली. मी बोंबील नाकारणं म्हणजे समुद्राने भरती नाकारणं.

आईने देवीचे सोळा शुक्रवार धरले. दिवसभर उपास, संध्याकाळी गूळ-चणे, आणि घरात आंबट वर्ज्य. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला ती दर शुक्रवारी कुंकवाचं एक बोट ओढायची.

आणि चमत्कार! पहिल्या शुक्रवारी दुपारी माझं डोकं उतरलं. संध्याकाळी मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. शनिवारी पुन्हा आडवा. दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा बरा. आईचे डोळे भरून आले. "बघ, देवी पावली."

आता वसईतल्या वाचकांच्या कधीच लक्षात आलं असेल. आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी रविवारी नसते, शुक्रवारी असते, विजेच्या हिशेबाने तसं ठरवलेलं. मी शुक्रवारी घरी असायचो. पण एवढी साधी गोष्ट ना मला सुचली, ना आईला. श्रेय देवीला गेलं. मी तर आईला म्हणालो, "एवढी पावते तर मंगळवारही धर." तिने माझ्या पाठीत धपाटा घातला, आणि खरंच मंगळवार धरला. मंगळवारी मी होतो तसाच. आईने निदान केलं, ही देवी शुक्रवारचीच.

खोबरेलाचा डबा

आता ते लिहितो जे लिहायला लाज वाटते.

आईचे गुडघे दुखायचे. जन्मभर पाटाच्या पाण्यात उभी राहून केळीला पाणी दिलेली बाई. एकदा मी तिला कौतुकाने तेलाचं वर्णन करत होतो, किती तापतं, तरी उकळत नाही, जळत नाही. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "यशा, एवढी उष्णता सोसणारं तेल. त्याच्यापुढे गुडघ्यातला वात टिकेल का रे?"

मला पटलं! मी, भट्टीवरचा माणूस, मला पटलं. आमच्याकडे सगळं उष्ण आणि थंड यावरच चालतं. पपई उष्ण, ताडगोळे थंड, मग हे तर उष्णाचा बाप. दुसऱ्याच दिवशी खोबरेल तेलाच्या रिकाम्या डब्यात ताटातलं तेल भरलं आणि जेवणाच्या पिशवीतून बाहेर काढलं. गेटवर पिशवी मी पहारेकऱ्याच्या पलीकडच्या बाजूला धरली. कारखान्यातून खिळा नेला तरी काढून टाकायचे.

आईने गुडघ्यांना चोळलं. आठ दिवसांत म्हणाली, फरक आहे. फरक चोळण्याचा होता, तेलाचा नव्हे, पण हे कळायला डॉक्टर लागला. मग ती म्हणाली, "तुझंही अंग ठणकतं. सुट्टीच्या दिवशी न्हाण्याआधी मी तुला चोळून देते."

सुट्टी म्हणजे शुक्रवार. पहिल्या चोळण्यानंतर दुपारीच मला उलटी झाली. आईने सुमनला विचारलं, "घरात आंबट कोणी खाल्लं?"

सुमनने चिंच घालून आमटी केली होती, उपास विसरून. झालं! सासू-सुनेत आठवडाभर अबोला. पुढच्या शुक्रवारी चिंच नव्हती तरी मी आजारी. आईने शोध लावला की मी कामावर कोणाच्या तरी डब्यातलं कैरीचं लोणचं चाखलं. ते मात्र खरं होतं. असे चार शुक्रवार बिघडले. दर वेळी आईला आंबट सापडायचंच, वसईत आंबटाला काय तोटा. आणि दर वेळी ती मला आणखी मन लावून चोळायची. माझ्या मांड्यांवर, पाठीवर पुळ्या उठल्या. आई म्हणाली, "उष्णता बाहेर पडतेय. चांगलं लक्षण."

निदानाचा दिवस

एके सकाळी सुमन माझ्याकडे बघतच राहिली. "तुमचे डोळे पिवळे झालेत." आरशात बघितलं तर पिकल्या केळ्यांची सालं. तिने मला काही विचारलं नाही, पिशवी भरली आणि हॉस्पिटलात नेलं.

छोटं हॉस्पिटल होतं, नन लोक चालवायचे. डॉक्टर तरुण, बारीक, प्रश्न विचारणारा. त्याने पोट दाबलं, मी ओरडलो. यकृत सुजलंय म्हणाला. दारू?

"नाही."

सुमन म्हणाली, "खरंच नाही. तेवढाच एक गुण आहे."

"बरं कधी वाटतं?"

"शुक्रवारी," मी म्हणालो. "म्हणजे चार आठवड्यांपूर्वीपर्यंत."

"का?"

"आईचा उपास असतो."

डॉक्टरने कागदावरून मान वर केली. "तिचा उपास. आणि तुम्ही त्या दिवशी काय करता?"

"काही नाही. कारखाना बंद असतो."

त्याने पेन खाली ठेवलं. काय काम, कसलं तेल, वाफ येते का, हाताला लागतं का, सगळं खोदून विचारलं. माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला, आणि उजेड पडून भीतीच वाटली. ज्या नोकरीसाठी जीव टाकत होतो तीच जीव घेत होती.

पण डॉक्टर पुढे म्हणाला, "एक जमत नाही. मागचे चार शुक्रवार तुम्ही घरी होतात, तरी त्रास झाला. मग हे कारखान्याचं नसेलही. दुसरं काही असेल. परवा यकृतात सुई घालून तुकडा काढू, तपासायला पाठवू."

इथे मी तोंड उघडायला हवं होतं. डबा, शुक्रवार, चोळणं. तीन शब्द. पण डबा म्हटलं की चोरी, चोरी म्हटलं की गेट बंद, चार महिन्यांवर आलेलं पर्मनंट गेलं खड्ड्यात. मी म्हणालो, "आंबट खाण्यात आलं असेल."

वॉर्ड

शेजारच्या खाटेवर अर्नाळ्याच्या मासेमारी होडीचा एक तांडेल होता. होडी वर ओढताना घसरून पाय मोडलेला, पाय दोरीला टांगलेला. त्याचं तोंड मात्र मोडलं नव्हतं.

"कवा सुई घालतात?" त्याने विचारलं.

"परवा."

"मावशीच्या पोराला घातलेली. लांब असते. पन बारीक." थोडं थांबून म्हणाला, "लई बारीक नाय."

वॉर्डातला दिवस पहाटे सिस्टरच्या टॉर्चने सुरू व्हायचा. झोपलेल्या माणसाला उठवून ती विचारायची, "झोप लागली का?" मग थर्मामीटर, मग दूध, बिनतेलाची खिचडी, मग दुपारची चार वाजेपर्यंतची लांबलचक वाट. मला तिथे दुसऱ्या दिवशी भूक लागली. डोकं हलकं झालं. शुक्रवार नव्हता, बुधवार होता! मी खाटेवर पडून खिचडी चाटत होतो आणि मनात हिशेब लागत होता. कारखाना नाही, चोळणं नाही, मळमळ नाही. आता मला पक्कं माहीत होतं. तरी गप्प राहिलो.

सुईची भीती होती ना? होती. पण सुई एकदा टोचेल, नोकरी जन्माची, असा मी विचार केला. आईचं काय, हा विचार माझ्या मनात आला नाही. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि परत लिहिलं.

चारची घंटा

त्या दिवशी चारला भेटायची घंटा झाली. मी डोळे मिटून पडलो होतो. आधी वास आला. साबणाच्या नव्या वडीसारखा, गोडसर. वाटलं, कारखाना मला शोधत इथवर आला. डोळे उघडले तर दारात आई.

तिने इकडेतिकडे बघितलं, पडदा ओढला आणि पिशवीतून खोबरेलाचा डबा काढला. "सुमन खाली औषध आणतेय. पटकन पालथा हो. या डॉक्टर लोकांना काय कळतं."

"आई, हे तू अजून लावतेस?"

"लावते म्हणजे? सकाळ-संध्याकाळ." ती खाटेच्या कडेला बसली, बसताना कळवळली, आणि लुगडं सावरताना मला तिचा पाय दिसला. गुडघ्यापासून खाली लाल, सोललेला, पुळ्यांनी भरलेला. तिने घाईने झाकला. "उष्णता बाहेर पडतेय," ती म्हणाली, पण आवाज बारीक होता.

मी तिच्या पायाकडे बघत राहिलो. याच पायांवर उभं राहून तिने मला वाढवलं, आणि त्यांना विष मी पिशवीतून आणून दिलं होतं. वर कालपासून मला माहीत असून मी तिला घरी तसंच चोळू देत होतो, एका पर्मनंटच्या कागदासाठी. माझा तोल गेला. मी ओरडलो, "डॉक्टर! ओ डॉक्टर!"

सिस्टर धावली, डॉक्टर धावला, तांडेलाला धावता येत नव्हतं म्हणून त्याने पडदा बाजूला सारला. मी सगळं सांगून टाकलं. तेल, डबा, गेट, शुक्रवारचं चोळणं, सगळं. रडत होतो की ओरडत होतो ते आठवत नाही.

डॉक्टरने डबा हुंगला. आई त्याला म्हणाली, "घ्या ना थोडं. तुमची कंबर दुखत असेल उभं राहून."

"आजी," डॉक्टर म्हणाला, "हे अंगात मुरतं. कातडीतून आत जातं. तुमचा मुलगा सहा दिवस नाकाने घेत होता, सातव्या दिवशी तुम्ही कातडीतून देत होतात."

आईला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "म्हणजे मीच रे?"

"नक्की कुठले शुक्रवार बिघडले, आठवतं का?" डॉक्टरने विचारलं. आईने डोळे पुसून बोटांवर मोजून सांगितलं. पहिले सात बरे, मग आठवा, नववा, दहावा, अकरावा वाईट. कपाटावर वाईट शुक्रवारी तिने कुंकवाच्या बोटाशेजारी टिंब दिलं होतं. चोळायला सुरुवात आठव्याला. सगळं जुळलं. सुई रद्द झाली. तांडेल थोडा हिरमुसला.

आईलाही त्याच दिवशी बायकांच्या वॉर्डात खाट मिळाली.

साहेब

डॉक्टरने कारखान्याला चिठ्ठी पाठवली, तेलाची माहिती द्या म्हणून. दोन दिवसांनी साहेब स्वतः आले, हातात इंग्रजी कागद. मी तो ओळखला. तसाच एक शेडमधल्या कपाटात जेवणाचे डबे ठेवायच्या फळीवर अंथरलेला होता. आठ महिने मी त्यावर भाकरी ठेवली.

डॉक्टर तो मराठीतून मोठ्याने वाचायला लागला. हवा खेळती ठेवा. वाफ हुंगू नका. हातमोजे घाला. तेल लागलेले कपडे लगेच बदला. अंगाला लागलं तर साबण-पाण्याने धुवा. सांडलं तर भुसा टाकून उचला. तेल थंड झाल्याशिवाय जोड उघडू नका. दुसऱ्या डब्यात भरून ठेवू नका. तांडेल प्रत्येक वाक्याला म्हणायचा, "ह्याने नेमका उलटा केलान."

साहेब जरा वेळाने म्हणाले, "पण यशवंत, तेल गेटबाहेर आलं कसं?"

मी तोंड उघडणार तोच दारातून आवाज आला. आई, हॉस्पिटलच्या गाऊनमध्ये, दोन्ही पायांना पट्ट्या, भिंत धरून उभी. "मी मागितलं. आईने मागितलं तर मुलगा आणेल नाहीतर काय? आणि तुमच्याकडे हा कागद होता, तर मुलांना वाचून का नाही दाखवलात? खिडकीला खिळे कोणी मारले?"

साहेबांनी कागदाची घडी घातली, परत उघडली. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "बाई, मीही आजच वाचला."

नंतर

दोन महिने पथ्य, विश्रांती, उसाचा रस, सुमनची टोचणारी शांतता. ती एकदाही "मी सांगितलं होतं" म्हणाली नाही. काठीने कपडे ढवळायची ती जुनी बादली मात्र दारातच ठेवली होती. शेवटी मीच म्हणालो, "तुझं बरोबर होतं." ती म्हणाली, "काय? ऐकू नाही आलं." तीनदा म्हणायला लावलं.

नोकरी गेली नाही. पर्मनंट वर्षभर पुढे ढकललं, ही शिक्षा. काढून टाकलं नाही, कारण माझी गोष्ट ऐकून भट्टीवर दुसरा कोणी जायलाच तयार नव्हता. मी अटी घातल्या. खिडकीचे खिळे निघाले, वर हवा ओढणारा पंखा बसला, पंपाची गळती बंद झाली. हातमोजे आले. युनिफॉर्म तिथेच काढायचा, तिथेच धुवायचा. आणि तो कागद मी मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावला, शेवटी माझी एक ओळ घालून: "हे तेल आईला नेऊ नये."

तुमचंही असं काही असेल तर लाजू नका. डॉक्टरला सगळं सांगा. कुठे काम करता, काय हाताळता, घरी काय आणता. आणि कोणत्या दिवशी बरं वाटतं तेही.

सोळावा शुक्रवार

दुखण्यात खंड पडलेले शुक्रवार आईने नंतर पुरे केले. सोळाव्याला उद्यापन. पुरी, खीर, आळीतली माणसं. तिच्या पायांच्या जखमा भरून आल्या होत्या, डाग राहिले. गुडघे होते तसेच दुखत होते.

मी चेष्टेने म्हणालो, "कसली देवी आणि कसलं काय. वाचवलं डॉक्टरने. कारखाना बंद म्हणून मी बरा व्हायचो, तू उगाच उपाशी."

आई गूळ-चणे वाटत होती. थांबली नाही. "डॉक्टर हुशार. मी कुठे नाही म्हणते? पण त्याला शुक्रवार कोणी मोजून दिले?"

कपाटाचं दार उघडंच होतं, आत कुंकवाची सोळा बोटं, चार टिंबं.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी खोबरेलाची नवी बाटली घेऊन तिच्या पायांशी बसलो. तिने पाय पुढे केले नाहीत. आधी माझे दोन्ही हात ओढून नाकाशी नेले, नीट हुंगले, मग बाटली हुंगली.

"हां," ती म्हणाली, "आता चोळ."